प्राणवायूचा हिशेब मांडणारे हाल्डेन

उज्जैनच्या राम घाटावर क्षिप्रेत बुडी मारणाऱ्या यात्रेकरूला पाण्याचा दाब फारसा जाणवत नाही. परंतु दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि अशा वाढत्या दाबाखाली प्राणवायूसुद्धा विषासारखा वागू लागतो. हे स्वतःच्या देहावर अनुभवणारे शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक. पाणबुड्यांनी वर कसे टप्प्याटप्प्याने यावे, याची कोष्टके त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. त्या प्रयोगांत तेरा वर्षांच्या मुलालाही त्यांनी समुद्रात उतरविले होते! पुढे मुलगा गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकला. विज्ञानाची पदवी नसतानाही त्याने आनुवंशिकीत जगभर नाव मिळविले.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळ 'थेटिस' ही पाणबुडी बुडाली व ९९ माणसे मेली. कोंडलेल्या हवेत माणसाचे काय होते, हे पाहण्यासाठी हाल्डेन स्वतः पोलादी कोठडीत बसले. पुढे उच्च दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेताना त्यांना जबर झटके आले आणि पाठीच्या मणक्यांना कायमची इजा झाली. असे झटके येतात हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ सालीच दाखविले होते. माणूस किती सोसू शकतो, हे ठरवावयाचे राहिले होते.

१९५७ साली हाल्डेन भारतात आले, येथलेच नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. देह त्यांच्या इच्छेनुसार काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

आज तशाच कोठडीत दोन-तीन वातावरणांच्या दाबाखाली प्राणवायू देऊन पाणबुड्यांवर, विषारी धुराने बेशुद्ध झालेल्यांवर, मेंदूत गळू झालेल्या काही रुग्णांवरही उपचार होतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाला त्याचा लाभ होतो, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही. घरचे माणूस अंथरुणाला खिळले की नातेवाईक दागिने मोडूनही पैसा उभा करतात. अशा वेळी दाब किती, वेळ किती आणि कशासाठी, एवढे तीन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत. वाणिज्य शाखेचे आम्ही विद्यार्थी जमेसोबत खर्चाची बाजूही पाहावयास शिकतो. हाल्डेन यांनी प्राणवायूच्या खात्यातील खर्चाची बाजू स्वतःच्या पाठीवर लिहून ठेवली आहे.