ज्याँ बुगाती : रिव्हेटची एक रेघ

'बुगाती वेरॉन' हे नाव माहीत नसलेला मेकॅनिकलचा विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही. २००५ साली ती आली आणि हॉस्टेलच्या भिंतींवरच्या हिरोइन्सना जागा खाली करावी लागली! १६ सिलिंडर, १००१ हॉर्सपॉवर, ताशी ४०० किलोमीटरच्या वर... सबमिशनच्या तारखा विसरतील, पण हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. पण हे 'वेरॉन' कोण? तर पिअर वेरॉन हा फ्रेंच ड्रायव्हर. त्याने आणि ज्याँ-पिअर विमीयने मिळून जून १९३९ मध्ये 'ल माँ'ची २४ तासांची शर्यत बुगातीच्या गाडीतून जिंकली. आणि जिंकलेल्या त्याच गाडीत, दोन महिन्यांच्या आत, मालकांचा मोठा मुलगा गेला. वय वर्षं तीस. त्याचं नाव ज्याँ. त्याचं पोस्टर कुणी लावत नाही, म्हणून हा लेख.

ज्याँचा जन्म १५ जानेवारी १९०९ चा, जर्मनीतल्या कोलोनचा. त्याच वर्षी त्याचे वडील एत्तोरे बुगाती यांनी स्ट्रासबर्गजवळच्या मोल्सहाइम गावात स्वतःचा कारखाना काढला. म्हणजे मुलगा आणि कारखाना एकाच वयाचे. घराणं मूळचं इटलीचं, मिलानचं. गाव अल्सास प्रांतातलं, तेव्हा जर्मनीत आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये. आजोबा कार्लो नावाजलेले फर्निचर डिझायनर. काका रेम्ब्रांट प्राण्यांचे पुतळे करणारा शिल्पकार, त्याने १९१६ साली स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे बुगाती रोयालच्या रेडिएटरवर जो मागच्या पायांवर उभा हत्ती दिसतो, तो या काकाचा. एकूण काय, या घरात लोखंड आणि कला एकाच ताटात जेवायची.

ज्याँ शिकला तो मुख्यतः कारखान्यातच. शॉपफ्लोअरवर फिरायचं, कारागिरांच्या शेजारी उभं राहायचं, ड्रॉइंग बोर्डावर रेघा मारायच्या. आपण सेकंड इयरला मशिन ड्रॉइंगच्या शीट्स रात्री जागून 'जीटी' मारतो, त्या वयात हा मुलगा खऱ्या गाड्यांच्या बॉडीची चित्रं काढत होता. (जीटी म्हणजे काय ते ज्युनिअर्सनी सिनिअर्सना विचारावं!)

१९३२ साली, तेविसाव्या वर्षी, त्याने रोयालची एक बॉडी केली. रोयाल म्हणजे त्या काळातला हत्तीच. १२.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्येच ४.३ मीटरचं अंतर. एवढ्या अवाढव्य चासीवर ज्याँने फक्त दोन माणसांची उघडी गाडी बसवली, आणि पुढच्या मडगार्डपासून मागपर्यंत एकच लांबलचक वळण घेतलं. ती घेणारे आर्मां एस्देर हे कपड्यांचे कारखानदार. आपण रात्री गाडी चालवतच नाही, तर दिवे कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडीला हेडलाइटच नाहीत! मला हा प्रकार आधी श्रीमंती चाळा वाटला होता. पण फोटो नीट बघा. दिवे नसल्यामुळे मडगार्डची रेघ कुठे अडतच नाही. गिऱ्हाइकाच्या हट्टाचाही उपयोग करून घेणारा डिझायनर होता तो.

अर्थात जगात मंदी होती. एकूण सहा रोयाल बनल्या, त्यातल्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या त्या तीनच. उरलेल्या इंजिनांचं काय करायचं? तर ती बुगातींनी रेल्वेच्या डब्यात बसवली आणि फ्रान्सच्या रुळांवर पळवली. जुगाड हा शब्द फ्रेंचमध्ये नसेल, पण वृत्ती नक्की आहे.

आता बाप-लेकांचं. एत्तोरे हट्टी होते, जे चाललंय ते उत्तम चाललंय असं मानणारे. ज्याँची नजर बाहेर. १९२९ साली अमेरिकेतून आलेल्या दोन 'मिलर' रेसिंग गाड्या कारखान्यात आल्या, त्यांचं इंजिन उघडून पाहिलं गेलं, आणि मग बुगातीच्या इंजिनावर एकाऐवजी दोन कॅमशाफ्ट आले. यामागे ज्याँचा आग्रह होता. पुढे १९३४ ची टाइप ५७ तर जवळजवळ त्याचीच गाडी. ३२५७ सीसी, सरळ रांगेत आठ सिलिंडर, डोक्यावर दोन कॅम. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यात त्याने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं होतं. वडिलांनी ते काढायला लावलं, आणि पुन्हा आपला एक्सल आला. ब्रेकचंही तेच. बाकीचं जग हायड्रॉलिक ब्रेककडे गेलं तरी बुगातीला केबलचेच ब्रेक, ते थेट १९३८ पर्यंत. मुलाने काय केलं? भांडून घर सोडलं नाही. जिथे वडिलांनी हात घातला नाही तिथे, म्हणजे बॉडीत, त्याने मनासारखं करून घेतलं.

आणि इथेच माझ्या आवडीचा भाग येतो. ऑक्टोबर १९३५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये बुगातीच्या स्टॉलवर एक कूपे उभी राहिली, 'एरोलित'. विकायला नव्हे, दाखवायला. आजच्या भाषेत कॉन्सेप्ट कार. तिची बॉडी 'इलेक्ट्रॉन' नावाच्या मिश्रधातूची होती, ज्यात मुख्य धातू मॅग्नेशियम. अकरावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मॅग्नेशियमची पट्टी जाळलेली आठवते? डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश! वजनाला ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांश, पण त्या काळच्या वेल्डिंगची ज्योत लागली तर पत्राच पेटायचा. मग जोडायचं कसं? ज्याँने पत्र्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला वळवल्या, दोन कडा एकमेकींना भिडवल्या आणि रिव्हेट ठोकले. आता एरवी कुणीही काय केलं असतं? हा सांधा कुठेतरी खाली, आडोशाला लपवला असता. याने तो गाडीच्या बरोबर मधोमध आणला. पुढच्या काचेपासून छतावरून थेट शेपटीपर्यंत माशाच्या कल्ल्यासारखा उभा सांधा, त्यावर रिव्हेटची रांग. मडगार्डवरही तसंच. जे लपवायचं, तेच गाडीचं नाक-डोळे झालं.

ती एरोलित पुढे नाहीशी झाली, उरले ते थोडे फोटो. पण तिच्यावरून १९३६ ते १९३८ मध्ये 'अटलांटिक' नावाच्या गाड्या बनल्या, फक्त चार. आणि गंमत बघा, अटलांटिकची बॉडी ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियम खुशाल वेल्ड होतं. रिव्हेटची गरजच उरली नव्हती, तरी ज्याँने ती रेघ ठेवली!

यावरून आमच्या रूमवर मोठा वाद झाला. एका मित्राचं म्हणणं, ही शुद्ध फसवणूक. जिथे कामच नाही तिथे रिव्हेट मारणं म्हणजे नापास इंजिनिअरिंग, नुसता मेकअप. तर्काने त्याचं बरोबर आहे, आणि व्हायवाला विचारलं तर मीही तेच उत्तर देईन. पण मला वाटतं, एरोलितमध्ये ती रेघ अडचणीतून सुचली आणि अटलांटिकमध्ये ती ज्याँची सही झाली. सही काढून टाका म्हणून कुणी चित्रकाराला सांगतं का?

आत बसणाऱ्याची मात्र फार चैन नव्हती, हेही सांगायला हवं. छत इतकं खाली आणि गोल, की माणसाला शिरता यावं म्हणून दरवाजे छतातच वरपर्यंत कापलेले. दोनच सीट, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. मागचं दिसायला इवल्याशा काचा, त्यातही मधे ती रेघ. इंजिनाची गरमी आणि आवाज थेट केबिनमध्ये. महागड्या गाडीचं इंटिरिअर म्हटल्यावर आपल्याला सोफा आठवतो. इथे विमानाच्या कॉकपिटात कोंबल्यासारखं. रोयालच्या 'कूपे नेपोलियन'मध्ये याच ज्याँने मागच्या प्रवाशांवर काचेचं छत दिलं होतं, आकाश बघत जा म्हणून. म्हणजे त्याला ऐसपैस जमत नव्हतं असं नाही. अटलांटिकमध्ये त्याने सरळ वेगाच्या बाजूने मत दिलं. सुपरचार्जर लावलेली अटलांटिक ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जायची, आणि ते साल आहे १९३६!

त्याच १९३६ मध्ये फ्रान्सभर संप झाले. मोल्सहाइमच्या कामगारांनीही संप केला. कामगार म्हणजे आपलं कुटुंब असं मानणारे एत्तोरे इतके दुखावले की ते बहुतेक वेळ पॅरिसलाच राहू लागले. कारखाना आला सत्तावीस वर्षांच्या ज्याँच्या गळ्यात. त्याने तो चालवला. १९३७ ला ल माँ जिंकली, १९३९ ला पुन्हा जिंकली, आणि अखेर हायड्रॉलिक ब्रेकही बसवले.

मुलाने शर्यतीत उतरू नये असं वडिलांचं पक्कं मत होतं. १९३२ साली इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्शच्या चढावर सरावातच त्याने चारही चाकांना ड्राइव्ह असलेली टाइप ५३ आपटली होती, तेव्हा काळजी उगीच नव्हती. शर्यत नाही तर नाही, पण टेस्टिंग? ते तर डिझायनरचं कामच. ११ ऑगस्ट १९३९ ला तो ल माँ जिंकलेली टाइप ५७ घेऊन कारखान्याजवळच्या रस्त्यावर निघाला. टेस्ट ट्रॅक नव्हे, साधा गावचा रस्ता. अचानक एक सायकलवाला समोर आला. त्याला वाचवायला ज्याँने गाडी वळवली आणि ती झाडावर आदळली. सायकलवाला वाचला.

तीन आठवड्यांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं. ज्याँ स्वतः वापरायचा ती काळी अटलांटिक त्या धामधुमीत बोर्डोच्या दिशेने पाठवली गेली आणि नाहीशी झाली, ती अजून कुणाला सापडलेली नाही. २०१९ मध्ये बुगातीने तिच्या आठवणीत 'ला व्हॉत्युर नुआर' नावाची एकुलती एक कूपे केली, कर सोडून किंमत १ कोटी १० लाख युरो. तिच्याही पाठीवर मधोमध रेघ आहे. कार्बन फायबरची, रिव्हेट नसलेली.

एत्तोरे मुलानंतर आठ वर्षं जगले. १९४७ च्या ऑगस्टमध्येच तेही गेले. मोल्सहाइमला लागून असलेल्या डॉर्लिसहाइम गावात बाप-लेक शेजारी शेजारी आहेत.