शेतापासून बंदरापर्यंत : शेठ वालचंद हिराचंद

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव निघाले की साखर, विमान, मोटार, जहाज अशी उद्योगांची लांबलचक यादी सांगितली जाते. ती आपल्या समाजाला अभिमानास्पद आहे यात शंका नाही. तथापि ही यादी म्हणजे एका धनिकाने जमेल तेथे घातलेला हात नव्हे. तिच्यात एक धागा आहे आणि तो वाहतुकीचा आहे. शेतात पिकलेला माल बैलगाडीतून रेल्वेपर्यंत, रेल्वेने घाट उतरून बंदरापर्यंत आणि बंदरातून जहाजाने परदेशापर्यंत जातो. या संपूर्ण मार्गावर एकही टप्पा आपल्या लोकांच्या हाती नव्हता, त्या काळात वालचंदांनी तो टप्प्याटप्प्याने हाती घेण्याचा उद्योग आरंभिला. आज बहुविध वाहतूक मार्ग असा शब्दप्रयोग सरकारी योजनांतून वारंवार वाचावयास मिळतो. वालचंदांच्या वेळी हा शब्द नव्हता, पण काम तेच होते. त्या कामाला पन्नास वर्षे लागली, आणि तरीही ते पुरे झाले असे म्हणता येत नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. ते महाराष्ट्रात येऊन स्थिरावले व येथलेच झाले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे कापसाचा व्यापार व सावकारी करणाऱ्या दिगंबर जैन कुटुंबातील. व्यापाराइतकेच त्यांचे लक्ष समाजसुधारणेकडे होते. ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक त्यांनीच सुरू केले, हे ज्येष्ठ वाचकांस ठाऊकच आहे. अशा घरात वालचंद वाढले. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना घरच्या व्यवसायात यावे लागले. त्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. पेढीवर बसून भावाच्या चढउतारावर नफा मिळविणे हा मार्ग पूर्वापार चालत आलेला होता, त्यात गैर काही नव्हते, पण त्यांना काहीतरी उभारावयाचे होते.

ती संधी सोलापूरपासून फार दूर नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून येणारा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला होता. मात्र बार्शीसारखी कापसाची व धान्याची मोठी पेठ त्या मार्गाच्या बाजूला राहिली. तिला जोडण्यासाठी १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. मुख्य मार्गाची रुंदी साडेपाच फूट, तर या रेल्वेची अवघी अडीच फूट. साहजिकच आज ज्यास कुर्डुवाडी म्हणतात त्या बार्शी रोड स्थानकावर प्रत्येक गाठोडे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. हमाली वाढे, वेळ जाई, माल भिजे. एक वाहन संपून दुसरे सुरू होते तेथेच व्यापाऱ्याचा पैसा गळतो, हा धडा त्या भागातील व्यापाऱ्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

बार्शी रेल्वे पुढे वाढविण्याचे ठरले तेव्हा लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले गृहस्थ वालचंदांना भेटले. फाटकांना काम माहीत होते, वालचंदांपाशी भांडवल व धाडस होते. येडशी ते तडवळे या छोट्याशा पट्ट्याचा ठेका दोघांनी मिळून घेतला आणि फाटक-वालचंद ही भागीदारी उभी राहिली. सावकाराच्या मुलाने मातीकामाचा ठेका घ्यावा हे त्या काळी अनेकांना रुचले नसेल. पण पुढील सारा विस्तार या पट्ट्यापासून सुरू झाला. रेल्वेची लहानमोठी कामे, मग पहिल्या महायुद्धाच्या काळातील लष्करी बांधकामे, त्यानंतर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीशी जोडणी आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, असा तो प्रवास आहे. तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे नळ, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, ब्रह्मदेशात इरावतीवरील पूल ही कामे या काळातील होत.

परंतु दख्खनच्या दृष्टीने पाहिल्यास या सर्वांत मोलाचे काम बोरघाटातील आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, हे त्या काळातील महान कार्य होते. तरी त्यात एक अडचण कायमची राहिली. चढ इतका तीव्र होता, काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट, की डोंगराच्या कडेला सरळ वळण घेण्यास जागा न मिळाल्याने खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन करावे लागले. गाडी तेथे थांबे आणि उलट्या दिशेने पुढे निघे. प्रवाशांना ही गंमत वाटे. पण सोलापूर, पुणे, अहमदनगर येथून बंदराकडे निघालेल्या मालगाड्यांच्या दृष्टीने तो गळ्याला आवळलेला फास होता. अख्ख्या मार्गावर कितीही गाड्या धावू शकत असल्या तरी घाटातून जेवढ्या उतरतील तेवढाच माल मुंबईस पोहोचणार. म्हणजे सुधारणा करावयाची तर ती सपाट प्रदेशात नव्हे, याच ठिकाणी करावयास हवी होती.

जुना मार्ग बदलून नवे बोगदे खोदण्याचे ठरले, त्या बोगद्यांचे काम वालचंदांनी घेतले. सह्याद्रीचा बेसाल्ट फोडणे म्हणजे काय हे पावसाळ्यात घाट पाहिलेल्या प्रत्येकास समजेल. वरून अखंड पाणी, खाली चालू रेल्वे, आणि हाताशी त्या काळची मर्यादित यंत्रे. एतद्देशीय ठेकेदारास एवढे मोठे काम झेपेल का, हा प्रश्न त्या वेळी उघडपणे विचारला जात असे. काम झाले. १९२९ मध्ये नवा मार्ग खुला होऊन रिव्हर्सिंग स्टेशनचा वापर थांबला. त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. या गाडीचे कौतुक आजही होते. तिच्या वाटेतला डोंगर कोणी पोखरला, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

घाट उतरला की बंदर. आणि बंदरातच खरी कोंडी होती.

१९१९ च्या आरंभी वालचंद दिल्लीहून मुंबईस येत असता रेल्वेच्या डब्यात त्यांना कळले की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे एक जहाज विक्रीस आहे. मूळचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाचे हे जहाज महायुद्धात ‘लॉयल्टी’ या नावाने रुग्णालय म्हणून वापरले गेले होते. वालचंदांनी ते घेण्याचे ठरविले. नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद हे सहकारी मिळाले. नरोत्तम शेठ हे सोलापूरची जुनी गिरणी उभारणाऱ्या मोरारजी गोकुळदास यांचे चिरंजीव, म्हणजे सोलापूरचा धागा येथेही आहेच. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली.

जहाज घेणे सोपे होते, त्यात माल भरणे कठीण. ब्रिटिश जहाज कंपन्यांची एक पद्धत होती. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातील काही भाग त्यास परत मिळे, पण लगेच नव्हे, काही महिन्यांनी, आणि तोही मधल्या काळात त्याने दुसऱ्या कोणाच्या जहाजातून एकही नग पाठविला नसेल तरच. एकदा या चक्रात अडकलेला व्यापारी बाहेर पडू शकत नसे. नव्या कंपनीने भाडे कमी केले तरी परत मिळणाऱ्या रकमेच्या भीतीने तो तिच्याकडे वळत नसे. शिवाय लॉर्ड इंचकेप यांच्या कंपन्यांनी दरच इतके खाली आणले की सिंदियास प्रत्येक फेरीत तोटा व्हावा. कंपनी विकून टाकावी असा प्रस्तावही पुढे आला. वालचंद व नरोत्तम यांनी तो नाकारला.

१९२३ मध्ये मात्र त्यांना एक करार स्वीकारावा लागला. त्यानुसार दहा वर्षे सिंदियाने किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरते थांबावे व जहाजांची संख्या मर्यादेत ठेवावी असे ठरले. लंडनला जाण्यासाठी निघालेल्या कंपनीने किनाऱ्याला चिकटून राहावे, ही मानहानी होती. त्या वेळी त्यावर टीकाही झाली. परंतु त्या काळात निघालेल्या अन्य अनेक स्वदेशी जहाज कंपन्या बुडाल्या आणि सिंदिया तेवढी टिकली, हे लक्षात घेता करार शहाणपणाचा होता असेच म्हणावे लागते. वालचंद उतावळे होते असा समज आहे. या एका प्रसंगात त्यांनी दाखविलेला संयम त्या समजाशी जुळत नाही.

करारात बांधले गेल्यावर त्यांनी लढ्याची जागा बदलली. किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखीव असावी ही मागणी त्यांनी व्यापारी संस्थांतून व कायदेमंडळातून लावून धरली. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी मुंबईत ‘डफरिन’ या जहाजावर भारतीय तरुणांना नाविक अधिकाऱ्याचे शिक्षण मिळू लागले. १९२८ मध्ये राखीव वाहतुकीचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आले, पण त्याचा कायदा झाला नाही. १९२९ मध्ये नरोत्तम शेठ निवर्तले व सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. ते त्यांनी १९५० पर्यंत सांभाळले.

जहाज चालवावयाचे तर ते बांधताही आले पाहिजे, हा पुढचा विचार. त्यासाठी विशाखापट्टणमची निवड झाली. ती जागा योगायोगाने सापडली नव्हती. तेथील बंदर १९३३ मध्ये खुले झाले होते, बंगाल नागपूर रेल्वे तेथपर्यंत पोहोचली होती आणि त्याच रेल्वेच्या मार्गावर जमशेदपूरचे पोलाद होते. रेल्वे, पोलाद व खोल पाणी एकत्र आले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले व काम विस्कळीत झाले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

विमान व मोटार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली आणि १९४१ मध्ये तेथे जुळविलेले पहिले विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या, फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली व कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. मालेगाव तालुक्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळंब, म्हणजे आजचे वालचंदनगर, येथील उसाची शेती व साखर कारखाने हे सारे आधीचेच. शेतातला ऊस वेळेत गाळला गेला नाही तर त्यातील साखर घटते. तेव्हा रस्ता, वाहन व कारखाना यांचा मेळ घालण्याची गरज वालचंदांना तेथेही रोज दिसत असणार.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगावयास हवी. वालचंदांनी आरंभिलेले बहुतेक मोठे उद्योग त्यांच्या हाती राहिले नाहीत. विमान कारखाना सरकारकडे गेला. जहाजबांधणीत खर्च इतका वाढला की सरकारी मदतीशिवाय एकही जहाज परवडेना आणि १९५२ मध्ये तो कारखाना हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने सरकारच्या प्रमुख भागीदारीत गेला. काही टीकाकारांनी याला अपयश म्हटले. परंतु ज्या कामाचे फळ पंचवीस-तीस वर्षांनी मिळावयाचे ते एका पेढीच्या वार्षिक ताळेबंदात कसे बसावे? बंगळूरच्या कारखान्यातून पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स उभी राहिली, विशाखापट्टणमला जहाजे बांधली जात राहिली. मालकी बदलली, काम थांबले नाही.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. ज्या मागणीसाठी ते सुमारे तीस वर्षे झगडले, ती किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय त्याच १९५० साली झाला. तो अमलात आणणाऱ्या बैठकांत बोलण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पत्नी कस्तुरबाई यांनी त्या काळात त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’ने मुंबई बंदर सोडले त्या दिवसाला तीनच दिवसांपूर्वी चौतीस वर्षे पूर्ण झाली होती. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.