दहा मुलांची आई, फुलांची चित्रकर्ती

बारावीनंतर माझी रंगपेटी माळ्यावर गेली. घरात आम्ही पाच भावंडे. थोरल्या मुलीला चित्रांसाठी सवड कुठली, असे मीच ठरवून टाकले होते. पुढे राखेल राउस या डच चित्रकर्तीचे चरित्र वाचनात आले.

राखेलचा जन्म १६६४ साली हेग येथे झाला. बालपण ॲमस्टरडॅममध्ये गेले. वडील फ्रेडरिक राउस शरीरशास्त्राचे व वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या संग्रहातील फुले, कीटक पाहून ती चित्रे काढू लागली. पंधराव्या वर्षी विलेम व्हान आल्स्ट या चित्रकाराकडे तिचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १६९३ मध्ये यूरिआन पोल या व्यक्तिचित्रकाराशी तिचा विवाह झाला. त्यांना दहा मुले झाली.

एवढ्या पसाऱ्यातही तिचा कुंचला थांबला नाही. १७०८ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील इलेक्टर (निर्वाचक राजपुत्र) योहान विल्हेल्म याने तिला दरबारी चित्रकर्तीचा मान दिला. १७११ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिला मुलगा झाला. इलेक्टरच्या नावावरून त्याचे नाव यान विलेम ठेवले. १७२३ मध्ये मोठी लॉटरी लागली. पैशाची ददात उरली नाही, तरी ती पुन्हा रंगांकडे वळलीच. १७४७ च्या चित्रावर तिने सहीबरोबर आपले वयही लिहिले आहे : ८३. १७५० साली ती वारली.

तिला सवड कोणी आणून दिली नसेल. ती तिने रोज काढली असेल, असे मला वाटते.

गेल्या रविवारी मी रंगपेटी खाली काढली. रंग वाळले होते, पण पाण्याने ओलावले. निळ्या रंगात पहिले बोट मात्र धाकट्या भावाने बुडवले!