झोपेचा पत्ता शोधणारा वैमानिक

1916-17 चा हिवाळा. पहिल्या महायुद्धाचे तिसरे वर्ष सुरू होते आणि व्हिएन्नात मेंदूच्या व मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांची गर्दी होती. त्याच सुमारास तिथे काही वेगळेच रुग्ण येऊ लागले. तोंडात घास असतानाच त्यांना झोप लागे. हलवून उठवले की ते पूर्ण शुद्धीवर असत, विचारलेल्या प्रश्नाचे नीट उत्तर देत आणि उत्तर संपते न संपते तोच पुन्हा झोपी जात. पापण्या अर्धवट मिटलेल्या असत, एकाच्या दोन वस्तू दिसत. कुणाला मेनिंजायटिस झाल्याचे निदान झालेले असे, कुणाला वाताचा झटका. हा एकच आणि नवा आजार आहे, हे ओळखले कॉन्स्टन्टिन फॉन एकोनोमो या चाळिशीतल्या डॉक्टरने.

खरे तर तेव्हा त्यांनी आकाशात असायला हवे होते. 1876 मध्ये रुमानियातील ब्राइला इथे एका श्रीमंत ग्रीक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वर्षाचे असताना कुटुंब त्रिएस्ते या तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या बंदरात आले. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी व्हिएन्नात यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, दोन वर्षे काढली आणि मग वैद्यकाकडे वळले. 1901 मध्ये ते डॉक्टर झाले. पॅरिस, म्युनिक, बर्लिन अशी भटकंती करून 1906 मध्ये ते व्हिएन्नाला युलिउस वाग्नर-याउरेग यांच्या हाताखाली रुजू झाले. मात्र रुग्णालयाइतकाच त्यांचा जीव विमानात अडकलेला होता. फ्रान्समध्ये ते विमान चालवायला शिकले, 1910 मध्ये ऑस्ट्रियातील अगदी पहिल्या परवानाधारक वैमानिकांपैकी एक झाले आणि पुढे बरीच वर्षे तिथल्या एरो क्लबचे अध्यक्ष होते. महायुद्धात दक्षिण टिरोलच्या डोंगराळ आघाडीवर त्यांनी लष्करी विमान चालवले. शेवटी आईवडिलांच्या आग्रहामुळे ते आघाडी सोडून व्हिएन्नाला परतले आणि जखमी सैनिकांवर उपचार करू लागले. हे परतणे काही महिन्यांनी लांबले असते, तर हे रुग्ण त्यांच्या नजरेस पडलेच नसते.

1890 च्या सुमारास उत्तर इटलीत ‘नोना’ नावाचा झोपेचा आजार आल्याच्या गोष्टी त्यांनी लहानपणी घरी ऐकल्या होत्या. आता त्या त्यांना आठवल्या. एप्रिल 1917 मध्ये त्यांनी व्हिएन्नातील डॉक्टरांच्या सभेत हे रुग्ण मांडले आणि मे महिन्यात निबंध छापून आजाराला नाव दिले : एन्सेफलायटिस लेथार्जिका, म्हणजे सुस्ती आणणारा मेंदूचा दाह. स्पॅनिश फ्लूची मोठी लाट आली ती पुढच्या वर्षी, 1918 मध्ये. या दोन साथींची गाठ अनेकदा घातली जाते. पण व्हिएन्नातील हे रुग्ण त्या लाटेच्या आधीचे आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे. या आजाराचे कारण शंभर वर्षांनंतरही सापडलेले नाही.

साथ दहाएक वर्षे जगभर फिरत राहिली आणि तिची दुसरी रूपेही दिसू लागली. काही रुग्णांना अजिबात झोप येत नसे. हातपाय सारखे हलत, बेचैनी थांबत नसे. झोपेविना तडफडत त्यातले अनेक जण काही आठवड्यांत दगावत. काही मुलांचे घड्याळ उलटे झाले : दिवसा गाढ झोप, रात्रभर जाग. एकच आजार एकाला झोपेत बुडवतो आणि दुसऱ्याची झोप हिरावून घेतो, हे कसे?

एकोनोमो यांनी याचे उत्तर मृत रुग्णांच्या मेंदूत शोधले. मेंदूचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासत आणि दाहाच्या खुणा कुठे आहेत ते नोंदवत. नोंदी वाढत गेल्या तसे चित्र स्पष्ट झाले. अतिझोपेच्या रुग्णांत इजा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, मध्यमेंदूला लागून असे. निद्रानाशाच्या रुग्णांत ती हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगत आढळे. हायपोथॅलॅमस जेमतेम बदामाएवढा. त्याच्या एका टोकाला जागे ठेवणारी यंत्रणा आणि दुसऱ्या टोकाला झोप आणणारी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्या काळात झोप म्हणजे नुसता अभाव, असे बहुतेकांना वाटे. बाहेरचे आवाज-उजेड थांबले की मेंदू आपोआप मालवतो, किंवा थकव्याचे विष साचून तो बधिर होतो. व्हिएन्नाचेच नेत्रवैद्य लुडविग माउथनर यांनी झोपेचे स्थान मेंदूच्या गाभ्यात असावे असा तर्क 1890 मध्ये केला होता, पण पुरावा तोकडा होता. एकोनोमो यांच्या निद्रानाशाच्या रुग्णांनी तो पुरवला. झोप हा केवळ अभाव असता, तर मेंदूचा एक तुकडा नष्ट झाल्याने ती नाहीशी कशी झाली असती? जी गोष्ट इजेने बंद पडते, ती मेंदू स्वतः काम करून घडवत असला पाहिजे.

या काळात त्यांनी आणखी एक प्रचंड काम केले. गेओर्ग कोस्किनास यांच्यासोबत मेंदूच्या बाह्यपटलाचा पेशीनिहाय नकाशा 1925 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 107 विभाग होते. मेंदूतील एका प्रकारच्या लांबट पेशींना आजही त्यांचे नाव आहे. हा नकाशा त्यांना मोठी कीर्ती देऊन गेला. झोपेवरचे विचार मात्र अनेकांनी केवळ अंदाज म्हणून बाजूला ठेवले. 1930 मध्ये त्यांनी ते पुन्हा सविस्तर मांडले आणि ऑक्टोबर 1931 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

1946 मध्ये वाले नाउटा यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात छेद देऊन पाहिले : उंदीर झोपेनासे झाले. मागच्या भागात छेद दिला, तर ते झोपून राहिले. 1996 मध्ये क्लिफर्ड सेपर यांच्या गटाला पुढच्या भागात नेमक्या झोपेच्या वेळी कामाला लागणाऱ्या पेशींचा पुंजका सापडला. या पेशी मागच्या भागातल्या जागवणाऱ्या पेशींना गप्प करतात आणि जाग असताना त्या पेशी यांना दाबून ठेवतात. म्हणूनच आपण सहसा धड झोपलेले तरी असतो किंवा धड जागे. दिव्याच्या बटणासारखे, मधल्यामध्ये फार वेळ अडकत नाही. मागच्या भागातल्या त्या जागवणाऱ्या पेशींपैकी काही हिस्टामिन हे रसायन वापरतात. सर्दीची जुन्या प्रकारची गोळी घेतल्यावर डोळे मिटू लागतात ते यामुळे : गोळी नाकाबरोबर मेंदूतल्या हिस्टामिनलाही अडवते.

नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अचानक अनावर झोप येण्याचा विकार, याचे मूळही हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातच असावे, असा एकोनोमो यांचा तर्क होता. 2000 मध्ये अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले गेले. जागेपण टिकवणारे ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी त्यात जवळपास उरल्या नव्हत्या. निरोगी मेंदूत या पेशी हायपोथॅलॅमसच्या मागच्या आणि बाजूच्या भागात असतात.