नऊ एकांच्या वर्गाचा धनी

नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या मिळते. एकापासून नवापर्यंत चढत जाणारी आणि तशीच पायरीपायरीने उतरणारी. १२१, १२३२१ ही तिचीच धाकटी भावंडे. या कुळाला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 'डेम्लो' हे नाव दिले. मुंबईपासून ३० मैलांवरच्या, तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेवरील ज्या स्थानकात या संख्यांचा विचार त्यांना सुचला, त्याचे ते नाव. म्हणजेच आजची डोंबिवली. गणिताच्या परिभाषेत नाव कोरले गेलेली उपनगरी स्थानके फार नसावीत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचे वेड होते; त्यातूनच मुलाला आकडेमोडीचा नाद लागला. ठाण्यात शाळा, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक पटकावले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली. शिक्षण तेथेच थांबले. १९३० ते १९६२ अशी तब्बल ३२ वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या मास्तरांचे संशोधन अनेक भारतीय गणितज्ञांना क्षुल्लक वाटे. ते मुख्यतः दुय्यम नियतकालिकांत छापले जाई, किंवा कापरेकर स्वतःच पुस्तिका काढीत. पण वरची १७ अंकी संख्याच पुन्हा पाहावी. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग; आणि त्या ८१ ने तिला निःशेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे संस्कृत नाव दिले होते. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१; तो १२३४५६७९ चा वर्ग आहे आणि या मूळ संख्येत नेमका आठच गायब आहे! दहा एकांचा वर्ग करू जावे, तर हातचा आडवा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी मोडकी कमान उभी राहते. सुबक डेम्लो संख्यांची मालिका नऊ एकांपाशीच संपते.

१९४६ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच क्रिया उत्तरावर करीत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हाती येतेच. मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध १९४९ मध्ये मांडला. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात १९७५ मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी ते सत्तरीत होते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले होते, निवृत्तिवेतन पुरत नव्हते आणि राहणी अत्यंत साधी असूनही पोटासाठी त्यांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागत होत्या. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.