दादासाहेबांचे डोळे आणि फिल्मची रुंदी

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यांना सिनेमाचा ध्यास लागला. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे आणि झोप जेमतेम घ्यायची. या ताणाने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली.

बरे होताच १९१२ मध्ये विमा पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. वाटाण्याच्या अंकुराची रोज थोडी-थोडी चित्रे टिपून त्यांनी अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दाखवली.

त्यांची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद होती. कच्च्या फिल्मला छिद्रे नसत. ती अंधारात पाडावी लागत. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार छिद्रे, आणि एका फुटात १६ चित्रे! या कामात पत्नी सरस्वतीबाईंचा मोठा हातभार होता. सुमारे ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात लागला.

पण ही फिल्म नायट्रेटची असे. दिव्यासमोर अडकली तर ती पेट घेई, आणि पेटली की पाण्यानेही विझत नसे. अशी फिल्म आणि प्रक्षेपकयंत्र बैलगाडीत घालून दादासाहेब गावोगावी फिरले.

१९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म आणली. ती सहज न पेटणाऱ्या ॲसिटेटची होती. तिच्या एका फुटात ४० चित्रे मावत, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ १,४८० फुटांत बसला असता. यंत्र हलके झाले, अग्निरोधक खोलीची गरज उरली नाही. म्हणूनच पुढे बुलढाण्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यांत शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा बांधून हिवताप आणि देवीच्या लसीची माहिती देणे शक्य झाले.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. फिल्म पुढे निम्म्याहून अरुंद झाली. डोळ्यांना विश्रांती आणि पुरेशी झोप यांची गरज मात्र तेव्हा होती तेवढीच आज मोबाइलच्या पडद्यासमोरही आहे.