शिवेवरचा संन्यासी

कादंबरी लिहायला घेतली की पात्रांच्याही आधी मला गाव लागते, आणि गाव म्हटले की त्याची शीव आली. कल्पनेतले गाव वसवताना लेखकापुढे दोन वाटा असतात. एक तर नदी, डोंगर, जंगल यांनी ते बांधून टाकायचे, नाही तर कुण्या राजाने किंवा साहेबाने कागदावर ओढलेल्या रेघेने. आर. के. नारायण यांच्या मालगुडीला सरयू नदी आहे आणि मेम्पीचे जंगल आहे. टॉल्किनने आपल्या मॉर्डॉरला तीन बाजूंनी डोंगरांची भिंत घातली. अशी हद्द वाचकाला चटकन पटते. नदी आली, मुलूख संपला, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण उघड्या माळावर मध्येच एक चौकी आणि चौकीपलीकडे परके राज्य असे लिहिले, की वाचक थबकतो. ही रेघ इथेच का, असे त्याला वाटते. मग ती खरी वाटावी म्हणून लेखकाला एक सबंध इतिहास रचावा लागतो.

मराठवाड्यातल्या लेखकाला हा इतिहास रचावा लागत नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी तो भोगलेला आहे. निसर्गाने घातलेली हद्द कोणती आणि माणसाने घातलेली कोणती, हा प्रश्न मनात आला की मी एकाच माणसाच्या आयुष्याकडे वळतो. ते म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नांदेड-लातूरकडच्या घराघरांत भिंतीवर लावलेल्या पदवीवर ते छापलेले असते. पण या संन्याशाने उभा जन्म एका सरहद्दीशी झगडण्यात घालवला, आणि ती पुसली गेल्यावर स्वतःच्या पायाखालची जमीनही तीन ठिकाणी वाटली जाऊ दिली, हे आपल्या मुलांना क्वचितच कुणी सांगते.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. भोवतालचा मुलूख कानडी, घरातली भाषा मराठी. सिंदगी तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती आणि तिथून निजामाची हद्द फार लांब नव्हती. म्हणजे ज्या राज्याविरुद्ध ते पुढे लढले, त्या राज्याच्या रेघेबाहेर त्यांचा जन्म झाला. सोलापूरला शिक्षण सुरू असताना असहकाराचे वारे आले आणि त्यांनी सरकारी शाळा सोडली. १९२० मध्ये लोकमान्य गेले, तेव्हा या मुलाने अविवाहित राहून देशसेवा करण्याचे मनाशी ठरवले. पुढे टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे शिक्षण झाले. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम झाले. आणि मग, मुंबई-दिल्लीच्या राजकारणात सहज बस्तान बसवता आले असते अशा वयात, ते हैदराबाद संस्थानातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला. नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवले. संन्याशाला घर नसते, गोत्र नसते, गावही नसते. अशा माणसाच्या वाट्याला हद्दीचे राजकारण यावे, हे मला नेहमी नवलाचे वाटत आले आहे.

आता ती हद्द कशी होती, ते पाहू. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. राज्यकारभार उर्दूतून चाले. टपाल वेगळे, रेल्वे वेगळी, नाणेही वेगळे. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली मोजावे लागत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. तिथे मालावर जकात बसे. बार्शीच्या बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने वाटेत डोंगर लागो वा न लागो, हा नाका डोंगरापेक्षा उंच होता.

या सरहद्दीचा काही भाग दिसायला अगदी नैसर्गिक होता. नांदेडच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. नकाशा पाहणाऱ्याला वाटावे की देवानेच ही हद्द आखली. पण जन्मभर कर्जाच्या फायली पाहिलेल्या माझ्यासारख्याला तिथे नदी नाही, थकबाकी दिसते. वऱ्हाडही मुळात निजामाचेच. इंग्रजांनी हैदराबादेत ठेवलेल्या फौजेचा पगार थकला आणि १८५३ मध्ये त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. त्याच व्यवहारात धाराशिवचा मुलूखही गेला होता. तो १८६० मध्ये परत मिळाला. वऱ्हाड मात्र सुटले नाही. म्हणजे पैनगंगेला सरहद्द बनवले ते एका न फिटलेल्या कर्जाने. नदी तिथे हजारो वर्षे वाहतच होती. तिच्या दोन्ही काठांवर मराठीच बोलली जात होती आणि सोयरिकी होत होत्या. नदीने कुणाला अडवले नव्हते. अडवले ते तिच्या काठावर येऊन बसलेल्या शिपायाने.

स्वामीजींना हे फार लवकर उमगले असावे. संस्थानात राजकीय सभा घेणे अवघड होते, म्हणून लोक भाषेच्या आधाराने एकत्र आले. तेलुगू भाषकांची आंध्र महासभा, कानडी भाषकांची कर्नाटक परिषद आणि मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला. म्हणजे राज्य एक असतानाच आतून तीन घरे दिसू लागली होती. त्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामीजी शाळा सोडून सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. त्यानंतरची दहा वर्षे तुरुंग आणि चळवळ यांतच गेली.

१९४६ मध्ये बंदी उठली आणि काँग्रेसची धुरा त्यांच्याकडे आली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आमच्याकडे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. स्वामीजींना अटक झाली. मधली थोडी सुटका वगळता हैदराबाद मुक्त होईपर्यंत ते कैदेत होते. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता. कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे, स्वतंत्र भारताच्या भूमीवर कॅम्प उभारले. तिथून येऊन ते करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करीत आणि परत हद्दीपार होत. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. तो पैसा चळवळीसाठी होता. बँकेची लूट हा शब्द बँकेतल्या माणसाला एरवी गोड लागत नाही, पण उमरीचे नाव आमच्याकडे मान वर करूनच घेतले जाते. पाहा कसे असते, जी रेघ निजामाचे राज्य राखत होती, तिच्याच पलीकडे जाऊन तिचे शत्रू सुरक्षित होत होते. रेघ कुणाचीच सगी नसते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. स्वामीजी सुटले. कथालेखकाने इथे शेवट केला असता. पण या माणसाच्या आयुष्यातली खरी कसोटी मला इथून पुढे दिसते.

स्वामीजी आता एका मोठ्या, विलीन झालेल्या राज्यातले सर्वांत आदरणीय नेते होते. तिन्ही भाषांतले कार्यकर्ते त्यांना मानत. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले ते कानडी गुलबर्ग्यातून, आणि १९५७ मध्ये मराठी औरंगाबादहून. हैदराबाद राज्य तसेच एकत्र ठेवावे, अनेक भाषा सुखाने नांदण्याचा तो एक नमुना आहे, असे मानणारी मोठी माणसे तेव्हा होती. हे राज्य मोडण्यास पंडित नेहरूही सुरुवातीला राजी नव्हते. राज्य टिकले असते तर स्वामीजींचे वजनही टिकले असते. पण त्यांनी आग्रह धरला तो त्रिभाजनाचा. राजघराण्याच्या वारशाने जोडलेले हे राज्य मोडावे आणि ज्या त्या भाषेच्या लोकांनी आपापल्या भाषेच्या घरी जावे, असे त्यांचे मत होते. राज्यकारभार रयतेच्या भाषेत चालला तरच तो रयतेचा, हा त्यामागचा साधा विचार. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. स्वामीजी ज्या राज्याचे नेते होते, ते राज्यच उरले नाही. तीन राज्यांत तीन काँग्रेस झाल्या, तीन मुख्यमंत्री झाले. संन्यासी मंत्रीसुद्धा झाला नाही.

आता या १९५६ च्या रेघेकडे कादंबरीकाराच्या नजरेने पाहू. नांदेडच्या पूर्वेला निसर्गाने दोन तयार हद्दी ठेवल्या होत्या, गोदावरी आणि मांजरा. कुणीही आळशी लेखक त्याच वापरेल. पण रेघ आखणाऱ्यांनी बराच ठिकाणी नदी सोडून दिली आणि माणसांची बोली विचारली. तेव्हाच्या नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे गोदावरीच्या आपल्याच काठावर, तरी ती आंध्रात गेली. त्यांच्याबरोबर बासरची सरस्वतीही गेली. देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल मांजरेच्या आपल्याच अंगाला, तेही गेले. त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके नि इस्लापूर मंडळ आपल्याकडे आले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके उस्मानाबादेत आले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, तेव्हा त्यात गेले.

मग भाषा ही तरी खरी नैसर्गिक हद्द का? माझी काही वर्षे देगलूरच्या बाजूला एका शाखेत गेली. तिथे सकाळी काउंटरवर येणारा माणूस माझ्याशी मराठीत बोले आणि मागच्या माणसाशी तेलुगूत. काही जणांचे घर अलीकडे आणि वडिलार्जित शेत पलीकडे. एकाच्या हातात दोन राज्यांचे उतारे असत. १९८९ पासून सेवाक्षेत्र योजनेत प्रत्येक शाखेला गावे वाटून दिलेली होती, त्यामुळे पलीकडच्या शेताला पीककर्ज अलीकडच्या शाखेतून मिळत नसे. शेत एकच, पाऊस एकच, कापूस एकच. कर्जाची खिडकी मात्र वेगळ्या राज्यात. हे शेतकरी चिडत नसत. ते हसत, आणि पलीकडची एस.टी. धरत. आजही भैंसा-मुधोळकडे मराठी कानावर पडते आणि धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू. उदगीरच्या बाजारात कानडीला कुणी परके मानत नाही. भाषा नदीसारखी एका काठाशी थांबत नाही. ती पाझरते.

म्हणून स्वामीजींची रेघ चुकली, असे मी म्हणणार नाही. माझ्या पिढीला मराठीतून शाळा, मराठीतून कचेरी, मराठीतून सातबारा मिळाला, तो त्या रेघेमुळे. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागेही स्वामीजी होते. पुढे त्याच कॉलेजात नरहर कुरुंदकर आले आणि मराठी कादंबरीवरच्या आपल्या ग्रंथाला त्यांनी धार आणि काठ असे नाव दिले. काठाशिवाय धार नाही, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण धार काठ बदलते, हेही तोच जाणतो. स्वामीजी विशालांध्राच्या बाजूचे होते. तेलंगणाची वेगळी रेघ त्यांना नको होती. २ जून २०१४ ला ती रेघ लोकांनी परत आणली. एकाच भाषेच्या माणसांनाही वेगळे घर हवेसे वाटू शकते, हे त्या दिवशी दिसले.

तेव्हा नवे लेखक नकाशा घेऊन येतात आणि हद्द नदीची ठेवू की रेघेची, असे विचारतात, तेव्हा मी त्यांना एवढेच सांगतो. कुठलीही चालेल. मात्र तिथे कोण अडवले जाते, कोण सहज पार होते आणि जकात कोण घेतो, ते आधी ठरवा. पैनगंगा आणि करोडगिरीचा नाका यांत फरक पाण्याचा नाही, माणसाच्या अडवणुकीचा आहे. आणि ज्याला हद्द हलवायची आहे, त्या पात्राला ती हलल्यावर काय गमवावे लागेल, तेही ठरवा. काहीच गमवावे लागत नसेल तर ते पात्र लिहू नका.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी गेले. त्यांची समाधी हैदराबादेत बेगमपेठेला आहे. जिथे जन्मले ती सिंदगी कर्नाटकात, जिथे शिकवले ते हिप्परगे आणि अंबाजोगाई महाराष्ट्रात, आणि विसावले ते तेलंगणात. दरवर्षी १७ सप्टेंबरला या तिन्ही राज्यांत वेगवेगळ्या नावांनी झेंडे लागतात. मराठवाड्यातली कुटुंबे हैदराबादला जातात ती चारमिनार आणि सालारजंग पाहायला. आता गेलात तर मुलांना घेऊन बेगमपेठेलाही जा. वाटेत राज्याची सरहद्द लागेल. तिथे आज करोडगिरीचा नाका नाही, हे त्यांना दाखवा.